काच वाढली

सत्तावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. वाळू वितळवून काच कशी करतात, ती तापली की पसरते आणि निवली की आकसते, हे मी फळ्यावर आकृती काढून किती पिढ्यांना शिकवलं असेल. तरी गाडीची पुढची काच चिरते आणि मागची फुटते, एवढा साधा फरक मला पन्नाशी ओलांडल्यावर कळला. तोही अकोल्यातल्या एका काचवाल्याकडून, आणि त्याचं बोलणं धुडकावून झाल्यावर.

गाडी मुळात नवऱ्याची. बियाण्यांच्या कंपनीत त्याची फिरतीची नोकरी होती. अकोट, दर्यापूर, धामणगाव रेल्वे, जिथे शेत तिथे गाडी. मी शेजारी बसून फक्त सूचना द्यायची. मग एका हिवाळ्यात गावच्या शेतात तुरीची कापणी चालू असताना तुराटीचं टोक त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. तरी या गृहस्थाने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून चार दिवस काढले. "काई नाही होत, जाते आपोआप," एवढंच त्याचं पालुपद. आपोआप काही गेलं नाही. जखम चिघळली, डोळ्यात फूल पडलं, आणि ताटात कोणती भाजी आहे हे त्याला विचारून घ्यावं लागू लागलं. "चार दिवस आधी का नाही गेलात?" हे मी त्याला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तो माझ्या आधीच ते वाक्य म्हणून टाकायचा.

अमरावतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं की बुबुळ बदलावं लागेल. ते बाजारात मिळत नाही. कुणीतरी जाताना डोळे देऊन जातं, तेव्हा मिळतं. यादीत नाव घातलं. फोन आला की त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पोचायचं, नाहीतर पुढच्या नंबरला बोलावणार, असं बजावलं. त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "शिकून घे." मी शिकले. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत दोन महिने माझी गाडी येताना दिसली की लोक आपापल्या दुचाक्या ओट्यावर चढवून ठेवत. पण शिकले.

मागच्या काचेला टवका मीच पाडला, हे आधीच कबूल करते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला घडीची लोखंडी खाट आणली होती. ती डिक्कीत पुरती मावत नव्हती, एक पाय बाहेर डोकावत होता. "हळू वं," नवरा म्हणाला. मला कुणी हळू म्हटलं की माझा हात आपसूक जोरात चालतो. डिक्की आपटली, खाटेचा पाय काचेच्या खालच्या कोपऱ्यावर बसला आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा टवका उडाला.

काचवाल्याचं दुकान बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला आहे. चष्मा कपाळावर, पायात स्लीपर, असा साठीकडे झुकलेला माणूस. त्याने टवक्यावरून अंगठा फिरवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, बदलून घ्या."

गाडी मी चालवत आणली होती, बोलत मी होते, आणि हा सांगत होता नवऱ्याला, ज्याला धड काच कुठे आहे तेही दिसत नव्हतं. माझं डोकं तिथेच फिरलं.

"टवकाच आहे. चीर कुठे गेलीय?" मी विचारलं. "भरून द्या. पुढच्या काचेचे भरतात की."

"पुढचीचा भरता येते मॅडम, मांगचीचा नाही. पुढची दोन काचायची रायते, मंधात चिकट परदा. दगड लागला तं चिरते, पन जाग्यावर रायते. मांगची एकच रायते, भट्टीत कडक केलेली. ते चिरतच नाही. जाते तं एका दमात सारी जाते."

"पण कधी? किती दिवस चालेल?"

"दोन मैने चालन, नाही तं तुमी त्या कोपऱ्यावर जासान तवर चालन. मले काय मालूम? मांगच्या काचेले टाइम नसते मॅडम. टवका दिसला, तोच टाइम."

मी मनात म्हटलं, धंदा आहे बाबा, तू असंच सांगणार. आणि तोंडाने म्हटलं, "बघू." घरी येऊन टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, शाळेतल्या नकाशांना लावतात तसली. दोन महिने काही झालं नाही. येता-जाता मी त्या पट्टीकडे बघायची आणि मनातल्या मनात काचवाल्याला चिडवायची.

मेच्या मध्यावर एका दुपारी अमरावतीहून फोन आला. बुबुळ मिळालं होतं, संध्याकाळी सहापर्यंत या, पेशंटला काही खायला देऊ नका. अकरा महिने ज्या फोनची वाट बघितली तो आला, तेव्हा मला गाडीची किल्ली कुलपात घालताच येईना. नवराच म्हणाला, "गाडी राहू दे. रेल्वेनं जाऊ." तसे आम्ही अमरावतीलगतच्या बडनेऱ्याच्या गाडीत बसलो. घरी सासूबाई एकट्या राहिल्या. दारात उभ्या राहून त्यांनी लेकाच्या हातावर दही ठेवलं, मग उपाशी जायचंय हे आठवून घाईघाईने स्वतःच्याच पदराने पुसून टाकलं.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, कान चांगले आणि जीभ त्याहून चांगली. शाळा चौथीपर्यंत. आमचं भांडण व्हायचं ते नेहमी शकुन-अपशकुनावरून. मी निघताना शिंकले तर त्या मला पुन्हा बसवायच्या आणि मी मुद्दाम पुन्हा शिंकायची. वीस-बावीस वर्षं हा खेळ चालला होता.

ऑपरेशन रात्रीच पार पडलं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी उचलून आत बघितलं आणि "छान बसलंय" म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "टाके केसापेक्षा बारीक आहेत. धूळ नको, वारा नको, धक्का नको. परवा चारला घरी सोडते, पण बंद गाडीतून न्यायचं. बस नाही, रेल्वे नाही, काचा उघड्या नाहीत."

"आमची स्वतःची गाडी आहे," मी म्हणाले. किती ताठ मानेने म्हणाले ते मला अजून आठवतं.

त्याच दुपारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते, तेव्हा सासूबाईंचा फोन आला. आधी लेकाची चौकशी. पोटात काही गेलं का, दुखून राहिलं का, झोपला का. मग थोडं थांबून म्हणाल्या, "अन् वं, गाडीची काच वाढली."

मी म्हटलं, "वाढू द्या."

त्यांनी चमकून विचारलं, "वाढू द्या?"

"आता इथून मी काय करणार? आणखी एक चिकटपट्टी लावून ठेवा. भिंतीतल्या देवळीत आहे."

"कशाले लावू?"

"काचेला हो, आणखी कशाला?"

"बरं बाई," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वाढली म्हणजे टवक्यातून चीर निघाली असेल, असं मी समजले. उलट जरा बरंच वाटलं. काचवाला म्हणाला होता की ही काच चिरतच नाही, आणि आमची तर चिरली. म्हणजे तो चूक, मी बरोबर. नवऱ्यालाही सांगितलं. तो डोळ्यावरची वाटी सांभाळत हसला.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतले एक सर भेटायला आले. अमरावतीला लग्नाला आले होते आणि उद्या सकाळी मोठ्या बंद गाडीने अकोल्याला परतणार होते. "डॉक्टरांना विचारून सकाळीच सुट्टी घ्या, आमच्याबरोबर चला," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा नाही म्हटलं. सकाळच्या रेल्वेने जाते, गाडी आणि सासूबाईंना घेते, चारच्या आत परत येते. कुणाचे उपकार कशाला?

ठरल्याप्रमाणे सकाळी नवऱ्याजवळ बाहेरगावाहून आलेल्या त्याच्या बहिणीला बसवून मी निघाले आणि साडेनऊला जठारपेठेत पोचले. फाटक उघडलं. गाडीच्या मागच्या बाजूला सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं ताणून बांधलेलं. वाटलं, उन्हासाठी घातलं असेल. लुगडं उचललं, तर काच नव्हतीच. कडेला दोन-चार दाणे अडकलेले, आणि मधून थेट पुढचं स्टेअरिंग दिसत होतं. ओट्यावर पितळी कोपरात, परातीसारख्या त्या भांड्यात, काचेचे हजारो दाणे, खडीसाखर ओतून ठेवावी तसे. सासूबाई बाजूला बसून आणखी एक दाणा चिमटीत धरून त्यात टाकत होत्या.

मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. "फुटली म्हणून सांगता येत नव्हतं? वाढली म्हणजे काय? मी सरांची गाडी सोडली! त्या डोळ्याला वारा नको म्हटलंय, आणि मी आता कशातून आणू त्यांना?"

सासूबाईंनी दाणा कोपरात टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थिकडं माया लेकाचा डोळा चिरेल हाये, अन् मी इथं तोंडानं काच फुटली म्हनू?"

रागावायला जागाच राहिली नाही. आपल्या भाषेत जे जे संपतं ते सगळं वाढतं, हे मला काय माहीत नव्हतं? बांगडी पिचली की ती वाढली. नारळ वाढवतात, दुकान संध्याकाळी वाढवतात. सासरे गेले तेव्हा याच बाईच्या हातातला हिरवा चुडा बायकांनी वाढवला होता आणि मी तिथेच उभी होते. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्यावर मला फक्त विज्ञानातलं वाढणं आठवलं. तिच्या तोंडून तो दुसरा शब्द निघणं शक्यच नव्हतं, आणि हे बावीस वर्षं एका घरात राहून मला कळायला हवं होतं.

भाड्याच्या गाडीसाठी चार फोन केले. त्या दिवशी दाट लग्नतिथी होती, साऱ्या गाड्या वऱ्हाड घेऊन गेलेल्या. चारला पलंग रिकामा करायचा होता. लॉजवर ठेवावं तर डॉक्टरीणबाईंनी परक्या चादरी-उशांबद्दल आधीच तंबी दिली होती. दहा वाजत आले होते. अकरा महिन्यांनी मिळालेलं बुबुळ, कुणाच्या तरी घरच्या रडारडीतून आलेलं, आणि ते माझ्या एका हट्टापायी धुळीत जाणार, हे मला बघवणार नव्हतं. लुगडं आणखी घट्ट बांधलं, सासूबाईंना पुढे बसवलं आणि काचवाल्याकडे गाडी नेली.

तो दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसला होता. गाडी बघून उठला. दोन महिने मनात ज्याला चिडवलं तो समोर उभा. आणि माझ्या तोंडून निघालं, "काच वाढली."

"कवा वाढली?" त्याने लगेच विचारलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लुगड्याची गाठ सोडायला लागला.

मी सगळं सांगितलं. डोळा, टाके, चार वाजता, बंद गाडी. तो ऐकून आत गेला आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेली काच दोन्ही हातांवर झेलत घेऊन आला.

"तुमी गेल्या ना, त्याच हप्त्यात नागपूरहून आनून ठेवली."

"पण मी तर नको म्हटलं होतं."

"तुमी नको म्हनलं. काचेनं थोडीच म्हनलं?"

दुसऱ्या कुणी असं ऐकवलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, हे खरंच सांगते.

तो कामाला लागला. कडेचा जुना चिकट मसाला पातळ सुरीने खरवडताना सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "बाप्पा, माया हातानं झालं ते."

मी चमकून बघितलं. हे मला नवीन होतं.

"दुपारी गाडी अशी तापली होती, हात लागू देत नव्हती. मले वाटलं, लेकाले न्यायची हाये, थंडी करून ठेवू. कूलरमंधलं बालटीभर पानी मारलं. अन् धाडकन्..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. "तवापासून जिवाले घोर हाये."

काचवाला हातातलं काम थांबवून त्यांच्याजवळ गेला. "आजी, पान्यानं नाही गेली. तिले टवका उडाला, तवाच ते गेली होती. पानी निमित्त झालं."

हे बोलताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. काच बदलायला कुणी नाही म्हटलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझी फजिती करायची एवढी सोपी संधी त्याने सोडून दिली. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मी कूलरच्या पाण्याचं आणि तापलेल्या काचेचं विज्ञान वर्गात शिकवते, पण तिथे तोंड उघडलं नाही.

काच बसवण्याआधी त्याने गाडी झाडली. मशीनने सगळा चुरा ओढून घेतला. मला वाटलं झालं. तर त्याने बाही वर केली आणि मागच्या सीटवर कोपरापासून मनगटापर्यंत उघडा हात फिरवायला लागला, हळूहळू, शिवणीशिवणीतून. "कनी दिसत नाही मॅडम, लागते," म्हणाला. दोनदा लागली. दोनदा त्याच्या हाताला बारीक लाल रेघ उठली. ती कणी काढून त्याने पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला. "डोळ्याचा पेशंट बसनार हाये," हे तो मला नव्हे, स्वतःलाच सांगत होता.

बाराच्या सुमाराला काच बसली. "आता तीन तास हात नाही लावायचा. मसाल्याले पकडू द्या. दारं आपटू नका. आतली हवा काचीले ढकलते. अन् आजच्या दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवजा."

मी हादरले. "उघडी? डॉक्टरांनी सगळ्या काचा बंद ठेवायला सांगितल्यात."

"ते डॉक्टर डोळ्याचे. मी काचीचा."

दार लावताना उघडी ठेवून मग वर घेतली तरी चालेल, असं माझं विज्ञान मला सांगत होतं. पण माझ्या विज्ञानाने आधीच एक काच घालवली होती. मी वाद घातला नाही. प्रश्न सासूबाईंनी सोडवला. "मी बसतो ना त्या खिडकीजोळ," त्या म्हणाल्या. "वल्लं फडकं लावून धरतो. कुठून येते धूळ, मी पायतो."

तीन तास आम्ही त्याच्याच दुकानात बसलो. त्याच्या घरून डबा आला, त्यातली भाकरी त्याने आम्हा दोघींना मोडून दिली. तीन वाजता त्याने नव्या काचेवर तळहात ठेवून कानोसा घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "जा आता." दवाखान्यात मी आधीच फोन करून उशिराची माफी मागून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी एका नर्सच्या खोलीत नवऱ्याला बसवून घेतलं होतं.

सव्वापाचला आम्ही पोचलो. नवऱ्याला मागे बसवलं, डोळ्यावर वाटी, वरून काळा चष्मा. त्याच्या शेजारी सासूबाई. दारं मी अशी लावली की जणू आत बाळ झोपलंय. मग सासूबाईंनी धुतलेलं पांढरं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवलं, पिळलं आणि खिडकीच्या बोटभर फटीवर दोन्ही हातांनी दाबून धरलं. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर आलं. ट्रक धूळ उडवत शेजारून जात होते. फडकं सुकलं की त्या पुन्हा भिजवायच्या आणि पुन्हा धरायच्या. आरशात मला नवी काच दिसत होती, स्वच्छ, आणि तिच्या अलीकडे वर उचललेले दोन सुरकुतलेले हात. "थोडा वेळ खाली ठेवा," नवरा म्हणाला. "तू गप बस," त्या म्हणाल्या. जवळजवळ शंभर किलोमीटर त्यांनी हात खाली घेतले नाहीत. त्या हातांना मी बावीस वर्षांत कधी नमस्कार केला नव्हता, दिवाळीतला सोडून.

बोरगाव मंजूच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "ज्याचा डोळा लागला, तो कोन होता रे?"

"नाव नाही सांगत," नवरा म्हणाला.

"त्यायच्या घरी तेरवा मयत झाली असन."

"हो."

"अन् मयत घरात असतानी कोनीतरी फोन लावला असन."

"लावलाच असेल. पाच-सहा तासांच्या आत लावावा लागतो," मी पुढून म्हणाले.

फडकं एकदा भिजवून झालं. अकोल्याचे दिवे दिसायला लागले.

"माये डोळे चालतीन का?" त्यांनी विचारलं. "मोतीबिंदू काढेल हाये दोन्हीचा."

"चालतात," मी सांगितलं. "मोतीबिंदू आतला असतो आई. हे वरचं असतं. वयाचंही काही नाही." दिवसभरात हे एकच विज्ञान माझं बरोबर निघालं.

"मंग ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "मी मेली का पयले त्यायले फोन लावजो. रडनं मांगून."

नवऱ्याने मान वळवली. मी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि रस्त्याकडे बघत "हो" म्हटलं.

नवऱ्याला आता ताटातली भाजी दिसते. तीत मीठ कमी आहे हेही तो न चाखता सांगतो. महिन्यातून एकदा आम्ही काचवाल्याकडे चहाला जातो, काम असो-नसो.

सासूबाई गेल्या माघात गेल्या, सकाळी सातला, बसल्या जागी. मी आधी फोन लावला. पलीकडून सांगितलं तसं नवऱ्याने पंखा बंद केला, त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि तो सुकू नये म्हणून शेजारी बसून राहिला. मी फाटकाशी उभी राहिले, दवाखान्याच्या माणसांना घर सापडावं म्हणून. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "सून काऊन रडून नाही राहिली वं?" मला ऐकू आलं. मी रस्त्याकडे बघत राहिले. पावणेनऊला दोन माणसं आली, आत गेली, आणि अर्ध्या तासाने हातात छोटा डबा घेऊन बाहेर पडली. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबले. मग आत जाऊन रडले.